एसटीतला तो फोटो जरा बाजूला ठेवा : नव्या आमदारांना खुले पत्र

पंधराव्या विधानसभेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या सर्वपक्षीय आमदारांना,

सप्रेम नमस्कार.

30 जुलै आली की सोलापूर जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेरही बऱ्याच पुढाऱ्यांच्या स्टेटसवर एकच चेहरा दिसतो. जाड भिंगांचा चष्मा, खाली ओळ : ‘अकरा वेळा आमदार, तरी एसटीने प्रवास’. सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख, सगळ्यांचे आबासाहेब, 2021 साली याच तारखेला गेले. तेव्हापासून दरवर्षी हे चालले आहे. ऑगस्ट 2023 मध्ये सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले तेव्हा शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एका व्यासपीठावर होते. राज्याचे राजकारण त्या महिन्यात किती तापले होते ते आठवून पाहा. तरीही आबासाहेबांबद्दल वाईट बोलणारा एकही माणूस त्या मांडवात नव्हता.

माझी तक्रार नेमकी इथून सुरू होते. ज्या माणसाचे सगळेच कौतुक करतात, त्याचे अनुकरण करायचा प्रश्नच कुणाला पडत नाही. साधेपणाचे कौतुक फार सोयीचे असते. ‘असा माणूस आता होणे नाही’ असे म्हटले की आपण मोकळे. ते देवमाणूस होते, आपण माणसे. मग बाहेर स्कॉर्पिओचा ताफा उभा असला तरी बिघडत नाही.

म्हणून हे पत्र. एसटीने फिरा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तीनशे-साडेतीनशे वाड्यावस्त्यांचा मतदारसंघ आज एसटीने फिरणे जमणार नाही, आणि एसटीची हालत काय आहे ते तुम्हालाही माहीत आहे. फिरा गाडीने. पण हा माणूस एसटीतून उतरून विधानभवनात गेल्यावर काय करत होता, तेवढे एकदा बघा. त्याचे फोटो फारसे नाहीत. ते छापील कार्यवाहीत आहे आणि वाचावे लागते.

आधी थोडा हिशेब, कारण तोही आपल्याकडे चुकीचा सांगितला जातो. एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम गणपतरावांचा, असे भाषणांतून सर्रास ठोकले जाते. ते खरे नाही. केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा. महाराष्ट्रापुरता आबासाहेबांचा आकडा मोठा आहे, एवढेच. पण आकड्यापेक्षा त्यातल्या खाचा बघण्यासारख्या आहेत. 1962 आणि 1967 ला ते निवडून आले. 1972 ला पडले. 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. त्यानंतर 1978, 1980, 1985, 1990. मग 1995 ला पुन्हा पडले, तेही शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या 192 मतांनी. 1999 ला परत, आणि 2004, 2009, 2014. अकरावी निवडणूक जिंकली तेव्हा ते 88 वर्षांचे होते.

यातले दोन पराभव मला अकरा विजयांपेक्षा जास्त सांगून जातात. सांगोल्याच्या लोकांनी त्यांना देव्हाऱ्यात बसवले नव्हते. पटले नाही तेव्हा घरी बसवले. आणि घरी बसलेला माणूस पक्ष न बदलता परत आला. 1995 मध्ये युतीचे सरकार आले होते, काँग्रेसची दारे उघडी होती, आणि त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) तेव्हाच काय होत चालले होते ते सगळ्यांना दिसत होते. 1967 मध्ये विधानसभेत शेकापचे 19 आमदार होते. 1978 मध्ये 13. 2014 मध्ये उरले तीन. एवढ्या उतरत्या पक्षात 69 व्या वर्षी पराभूत झालेला माणूस तिथेच राहतो आणि चार वर्षांनी त्याच झेंड्याखाली निवडून येतो, याला नुसती निष्ठा म्हणून भागत नाही. पक्षाकडे सत्ता नसताना मतदारसंघातल्या कामाला काय उपयोग, हा प्रश्न त्यांना रोज विचारला जात असणार. तुम्हालाही विचारला जाईल. 2022 आणि 2023 साली तर आपल्या राज्यात या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वमान्य झाले : ‘विकासासाठी गेलो’.

आणि याच संदर्भात सांगोल्याचे नाव जून 2022 मध्ये उभ्या महाराष्ट्राला कळले, तेही एका फोनमुळे. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.’ शिंदेंच्या बंडात गेलेले तेव्हाचे आमदार शहाजीबापू यांनी गुवाहाटीच्या हॉटेलातून कार्यकर्त्याला केलेला तो फोन दोन दिवसांत घराघरांत पोचला, त्यावर गाणी निघाली, रिंगटोन झाले. बापूंच्या बोलीला माझी दाद आहे. माणदेशी माणूस असाच बोलतो. पण गंमत अशी की आबासाहेबांनी त्याच मतदारसंघातून पन्नास वर्षे विधानसभेत जे काढले, त्यातले एक वाक्यही महाराष्ट्राला पाठ नाही. दोष लोकांचा नाही. ते वाक्य लोकांपर्यंत पोचावे अशी सोय आपण केलेलीच नाही.

तुम्हाला अधिवेशनात तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नांची छापील यादी मिळते. अजून नीट वाचली नसेल तर वाचा, कारण महाराष्ट्राचे सरकार कसे बोलते ते तिथे दिसते. डाव्या अंगाला प्रश्न : ‘अमुक तालुक्यातील तलावाच्या दुरुस्तीचे काम निकृष्ट झाल्याचे माहे मार्चमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय?’ मग दोन : ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय?’ मग तीन : ‘असल्यास, चौकशीत काय आढळून आले?’ आणि शेवटचा, ठरलेला : ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ समोर मंत्र्यांचे उत्तर : ‘(1) हे अंशतः खरे आहे. (2) व (3) चौकशी प्रगतिपथावर आहे. (4) प्रश्न उद्भवत नाही.’

‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांवर पिढ्यान् पिढ्या खाती निभावून नेत आली आहेत. ते उत्तर छापून येते, पटलावर जाते आणि बहुतेक आमदारांचे समाधान होते, कारण प्रश्न विचारल्याची बातमी तालुक्याच्या दैनिकात आलेली असते. खरे काम त्यानंतर असते. ‘अंशतः’ म्हणजे किती? कुठला अंश खरा, कुठला खोटा? चौकशी कुणी सुरू केली, कोणत्या तारखेला, अहवाल कधी येणार? हे उपप्रश्न उभ्या उभ्या सुचायचे तर विषय आधी हातात असावा लागतो. विषय हातात असायचा तर त्या तलावाच्या भिंतीवर जाऊन आलेले असावे लागते, निविदेची रक्कम माहीत असावी लागते, गेल्या अधिवेशनात याच खात्याने काय सांगितले होते तेही. मंत्र्याने उत्तरात काही कबूल केले तर ते आश्वासन होते, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. समाधान झाले नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. लक्षवेधी सूचना आहे, खात्याच्या मागणीवर कपात सूचना आहे, मंत्री नसलेल्या सदस्याचा अशासकीय ठराव आहे. विरोधी बाकावर असाल तर नियम 293 खालचा चर्चेचा प्रस्ताव आहे.

गणपतरावांची कारकीर्द म्हणजे ही हत्यारे वापरणे. दोनदा ते मंत्री होते, 1978 मध्ये शरद पवारांच्या पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या. बाकी बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते, आणि आपल्या पक्षाचे संख्याबळ हळूहळू कमी होताना पाहत होते. ज्याच्या मागे तीन आमदार आहेत त्याला सरकार पाडता येत नाही, कामकाज बंद पाडता येत नाही, मंत्रिपदाच्या बोलीत भाव मिळत नाही. त्याच्याकडे नियमांचे पुस्तक आणि विषयाची तयारी, एवढेच उरते. तेवढ्यावर पन्नास वर्षे निघाली.

हे तुमच्या विधानसभेला अधिकच लागू आहे. 2024 च्या निकालात 288 पैकी भाजपचे 132, शिंदेंच्या शिवसेनेचे 57, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे 41. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष 20 चा. निवडणुकीच्या निकालानंतर विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणाऱ्या एक दशांश जागांची चर्चा सुरू झाली ती याचमुळे. विरोधी बाकांवरच्या तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल, एवढ्या मोठ्या बहुमतापुढे आपले काय चालणार? आणि सत्ताधारी बाकांवरच्यांना वाटत असेल, आपले सरकार असताना आपण प्रश्न कशाला विचारायचे, साहेबांना भेटून पत्र दिले की झाले. दोघांनाही सांगतो, 230 च्या बहुमतापुढे घोषणा देणाऱ्याचे काही चालत नाही. पण उत्तरातली चूक पुराव्यासकट दाखवणाऱ्या एकट्या आमदाराचे चालते. मंत्री अडखळतो, प्रश्न राखून ठेवला जातो, सचिव गॅलरीतून चिठ्ठ्या पाठवू लागतात. सभागृहाने हे अनेकदा पाहिले आहे.

आता जरा पाण्याकडे येतो, कारण आबासाहेबांचे खरे मोठे काम तिथे आहे आणि स्टेटसमध्ये ते कधीच येत नाही.

सांगोला पर्जन्यछायेत आहे. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षातले बरेच महिने तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त असते, आणि ती वाळूही आता उरलेली नाही. शेजारचा आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढा, माण, खटाव, सगळा पट्टा असाच. कृष्णा शेजारून वाहते, पण खालून. बच्छावत लवादाने 1976 मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, त्यातले या पट्ट्याला मिळायचे तर ते शेकडो फूट उचलून आणावे लागणार होते. हे पाणी मागण्यासाठी 1993 पासून आटपाडीत दरवर्षी पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर ही तीन माणसे तिच्या मागे होती. तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेले डावे. त्यांची मागणी नुसते ‘पाणी द्या’ एवढी नव्हती. पाणी आले तर ते कुणाला, हा प्रश्न त्यांनी पाणी येण्याआधीच विचारला. ज्याच्याकडे जास्त जमीन त्याला जास्त पाणी, ही रीत मोडून प्रत्येक कुटुंबाला, अगदी भूमिहीनालाही, पाण्याचा हक्क हवा, अशी ती मांडणी होती. समन्यायी पाणीवाटप हा शब्द आज सरकारी कागदातही दिसतो. तेव्हा तो वेडेपणा समजला जात होता.

टेंभू योजनेला नव्वदच्या दशकात मंजुरी मिळाली. म्हैसाळ त्याच्या आधीची. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूहून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीमार्गे सांगोल्याच्या हद्दीत आणायचे. योजना झाली तरी पंप चालवायला वीज लागते आणि विजेचे बिल कुणी भरायचे? यावर कित्येक वर्षे पंप बंद राहिले. थकबाकी झाली की वीज तोडली जायची, वीज तोडली की आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, बुडायचे, आवर्तन बुडाले की शेतकरी पाणीपट्टी भरायचा नाही, आणि पुन्हा थकबाकी. बिलातले 81 टक्के सरकारने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचे, हा निर्णय झाला तेव्हा कुठे हा फेरा थोडा सैल झाला. बॅनरवर धरणाचा फोटो छान दिसतो, पण शेतात पाणी यायचे की नाही हे असल्या टक्केवारीने ठरते. आणि टक्केवारी ठरते ती सभागृहात, समितीत, खात्याच्या मागण्यांवरच्या चर्चेत.

पाण्याचे गाऱ्हाणे अजून संपलेले नाही, हेही लिहिले पाहिजे. पन्नास वर्षे आमदार असलेल्या माणसाच्या तालुक्यात पाणी एवढे उशिरा का आले, हा प्रश्न त्यांच्या विरोधकांनी प्रत्येक निवडणुकीत विचारला आणि तो विचारायचा त्यांना हक्क होता. शहाजीबापूंच्या काळात उजनी धरणावरून उपसा योजनेला मंजुरी मिळाली, तिचे श्रेय त्यांचेच. आबासाहेबांच्या बाजूने मी एवढेच म्हणेन, सत्तेतल्या आमदाराला जे एका मंत्रिमंडळ बैठकीत मिळते, ते विरोधातल्या आमदाराला तीस वर्षे चळवळ करून मिळवावे लागते. आणि चळवळीने मिळवलेल्या पाण्याला निदान वाटपाचा विचार तरी जोडलेला असतो.

दुसरे एक काम मला फार शहाणपणाचे वाटते. सांगोल्यात त्यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली, पुढे महिलांची सूतगिरणी निघाली. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथे सूतगिरणी! लोक हसले असतील. पण विचार सरळ होता. साखर कारखाना काढला तर ऊस लावावा लागेल आणि उसाला पाणी कुठून आणणार? सूतगिरणीला कापूस गाडीने आणता येतो, हातांना काम तालुक्यात मिळते. सोलापूर जिल्हा पुढे उसाच्या मागे कसा धावला आणि उजनीचे पाणी कुठे गेले, ते पाहिले की या निवडीची किंमत कळते. कमी पाण्याच्या या तालुक्याने नंतर डाळिंबात नाव काढले. मग तेल्या आला. फळावर आधी तेलाचा ठिपका पडावा तसा डाग दिसतो, तो काळा पडतो, डागाच्या जागी फळ उलते, आणि जे फळ बॉक्समधून परदेशात जायचे ते बांधावर टाकावे लागते. त्यात मर रोग आणि खोडाला बारीक छिद्रे पाडणारा भुंगा. गेल्या काही वर्षांत बागाच्या बागा काढून टाकल्या गेल्या. आता तुमच्यापैकी कुणाच्या मतदारसंघात डाळिंब असेल तर सांगा, पीक विम्याच्या निकषात तेल्या बसतो का, यावर तुम्ही कृषी खात्याच्या मागण्यांवर किती मिनिटे बोललात?

रोजगार हमीचा कायदाही इथे आठवायला हवा. 1972 च्या दुष्काळात या पट्ट्यातली माणसे खडी फोडत होती, सुकडीवर लेकरे जगत होती. गणपतराव तेव्हा सभागृहात नव्हते. त्याच वर्षी पडले होते. पण दुष्काळी कामांची मागणी रस्त्यावर रेटणाऱ्यांत त्यांचा पक्ष पुढे होता. त्यातून जे उभे राहिले ते देशात कुठे नव्हते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी कल्पना मांडली, सत्ताधाऱ्यांनी उचलली, विरोधकांनी रेटली, आणि 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला. 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम न दिल्यास भत्ता. पैसा कुठून? शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून, आणि तेवढीच भर सरकारची. मुंबईच्या पगारदाराने सांगोल्याच्या मजुराला हक्काने पोसावे, असा तो सौदा होता. देशाला असा कायदा करायला 2005 उजाडले. आपले विधिमंडळ एकेकाळी हे करू शकत होते.

याच सभागृहात आज काय चालते? डिसेंबर 2020 चे हिवाळी अधिवेशन दोन दिवसांत गुंडाळले, जुलै 2021 चे पावसाळी दोनच दिवसांचे. तेव्हा करोना होता, ते समजून घेऊ. त्याच पावसाळी अधिवेशनात बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले आणि जानेवारी 2022 मध्ये ते निलंबन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. फेब्रुवारी 2021 ते जुलै 2022 या काळात विधानसभेला अध्यक्षच नव्हता. तुमच्या निवडीनंतरचे पहिले नागपूर अधिवेशन आठवड्याभरात आटोपले. जुलै 2024 मध्ये, तुमच्या आधीच्या विधानसभेत, 94 हजार 889 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. अर्थसंकल्प मांडून पंधरा दिवस होत नाहीत तोवर एवढी रक्कम ‘पुरवणी’ कशी असू शकते, हा प्रश्न सभागृहाने किती ताणला? आणि जुलै 2025 मध्ये विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे समर्थक एकमेकांवर धावून गेले. राज्यभर चर्चा झाली ती त्या कपडेफाडीची. त्याच अधिवेशनात कोणत्या खात्याचे किती कोटी चर्चेविना मंजूर झाले, ते माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला सांगता येणार नाही. कदाचित तुमच्यातल्याही काहींना.

तुमच्या मतदारसंघात आत्ता तुमचे बॅनर लागलेले असतील. ‘कार्यसम्राट आमदार’, ‘विशेष प्रयत्नातून इतके कोटी मंजूर’. आमदार निधी आता वर्षाला 5 कोटींचा आहे, शिवाय खात्याखात्यांतून आणलेली कामे. निधी आणू नका, असे म्हणणारा माणूस आमच्या भागात निवडूनच येणार नाही, मला ठाऊक आहे. रस्ता हवा, सभामंडप हवा, पेव्हर ब्लॉक तर हवेतच. पण आमदाराची ओळख कोटींच्या आकड्याने होऊ लागली की त्याचे सगळे लक्ष मंत्रालयाच्या सहाव्या मजल्याकडे लागते आणि सभागृह हे दोन चकरांच्या मधले विश्रांतिस्थान होते. मग सत्ताधारी पक्षात असणे ही गरज होते. मग पक्ष बदलणे हे ‘विकासासाठी’ होते. इथून तिथपर्यंतची वाट सरळ आहे, आणि ती तुमच्या आधीच्यांनी मळवून ठेवली आहे.

आबासाहेबांचे सगळेच बरोबर होते असेही नाही. त्यांनी सांगोला सांभाळला, पण शेजारच्या तालुक्यात पक्ष वाढला नाही. पन्नास वर्षांत त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस घराबाहेरून उभा राहिला नाही. 2019 मध्ये वय झाले म्हणून ते थांबले तेव्हा उमेदवारी नातवाकडे गेली, अनिकेत देशमुख 768 मतांनी पडले. 2024 मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले, ते आज तुमच्यासोबत सभागृहात शेकापचे एकमेव आमदार आहेत. घराणेशाहीवर भाषणे करणाऱ्या पक्षाला हे खटकायला हवे होते. डॉक्टरसाहेब, तुम्हीही पहिल्यांदाच आला आहात, म्हणून हे पत्र तुम्हालाही आहे. आडनावावर मते मिळाली असतील, ती परत मागायला पाच वर्षांनी नुसते आडनाव नेऊ नका.

आता मागणे.

विधिमंडळाची कार्यवाही शब्दशः लिहिली जाते. प्रतिवेदक आळीपाळीने बसतात, एकेक शब्द टिपतात. त्या कागदावर वर ‘असुधारित प्रत’ असे लिहिलेले असते, आणि त्यातले बरेचसे सामान्य माणसापर्यंत सुधारूनही पोचत नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाने आपापल्यापुरते एक करावे : दर अधिवेशनानंतर आपण विचारलेले प्रश्न, त्यांची छापील उत्तरे आणि आपली भाषणे मतदारसंघातल्या ग्रामपंचायतींना पाठवावीत. नुसती मराठीत, जशीच्या तशी. व्हिडिओचे तुकडे नकोत, त्यात मागे संगीत असते. ग्रामसभेत कुणीतरी ती वाचेल. आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर आपल्याच गावच्या तलावाबद्दल आलेले पाहिले की गावाला जे वाटेल ते तुमच्या पुढच्या प्रश्नाला बळ देईल. तुम्ही काहीच विचारले नसेल तर कोरा कागद पाठवा, तीही माहितीच आहे.

आणि गणपतरावांची सभागृहातली भाषणे, प्रश्न, ठराव एकत्र करून विधिमंडळाच्या ग्रंथालयाने सर्वांना खुले करावेत, असा अशासकीय ठराव तुमच्यातल्या एखाद्याने आणावा. पुतळ्याला मंजुरी देताना कुणाचा विरोध नव्हता, याला तरी का असावा? त्यातून तुम्हाला तयार प्रश्न मिळतील. चाळीस वर्षांपूर्वी विचारलेले, आजही उत्तर नसलेले.

आमच्याकडे पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते. आमदार म्हणून तुमची तिथे खुर्ची असते. आवर्तने किती, पहिले कधी सोडायचे, सुरुवात टेलकडून (कालव्याच्या शेवटाकडून) की हेडकडून (मुखाकडून), हे तिथे ठरते. टेलचा शेतकरी बाहेर व्हरांड्यात उभा असतो. वरच्या फाट्यावर रात्रीतून मोटारी लागल्या की त्याच्या चारीत पाणी येतच नाही, आणि कागदावर त्याचे आवर्तन पूर्ण झालेले असते. गेल्या वर्षी त्याच्या नावावर किती दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी दाखवले आणि प्रत्यक्षात किती मोजले, हे पाटबंधारे खात्याला लेखी विचारा. उत्तर ‘अंशतः खरे आहे’ असे आले तर नागपूरच्या अधिवेशनात त्यावर अर्धा तास चर्चा मागा.

कळावे,

आपला,
माणकाठचा एक मतदार
जि. सोलापूर